सकाळचं पोटदुखणं आदल्या रात्री सुरू होतं: पावणेचार वर्षांच्या मुलीचा ताण

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात कासारवडवलीला राहणारं कुटुंब, मुलगी पावणेचार वर्षांची, जूनपासून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणते, बसपाशी आईला घट्ट धरून रडते आणि संध्याकाळी मोबाईल काढून घेतला की जमिनीवर लोळण घेते. आईबाबा दोघं नोकरीला, घरी पोचायला पावणेआठ. आजी म्हणतात, "रडू दे, आपोआप सवय होईल." बाबांना वाटतं, एवढ्याशा पोरीला कसला आलाय ताण. आईला विचारायचंय की हिला आतून खंबीर कसं करायचं.

ताण आहे, आणि तो खरा आहे. अनोळखी खोली, वीसेक नवी मुलं, घरी कुणी बोलत नाही ती भाषा, आणि आई परत कधी येणार याचा अंदाज नसणं, या वयाला एवढं पुरतं. भावनेला आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशी उलटून गेल्यावरही घडतच असतो. चौथ्या वर्षी तर तो नुकता कुठे कामाला लागलेला असतो. त्यामुळे मूल आधी दुसऱ्याच्या आधाराने शांत होतं. जवळच्या माणसाचा आवाज, स्पर्श, संथ श्वास यांनी ते सावरतं, आणि असं शेकडो वेळा झालं की हळूहळू एकट्यालाही जमू लागतं. आजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, सवय होते. पण कुणीतरी सोबत असताना सावरण्याची सवय वेगळी आणि कुणी येत नाही म्हणून गप्प बसण्याची वेगळी. त्यामुळे मुलगी किती रडली ते मोजू नका, किती वेळात सावरून पुन्हा खेळायला लागली ते बघा. खंबीरपणा तिथे दिसतो.

श्वासाचे खेळ आणि भावनांची चित्रं यांच्याकडे वळण्याआधी घरातलं घड्याळ बघा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. घोडबंदर रोडवरच्या नोकरदार घरातला नेहमीचा दिवस मांडून बघा: आईबाबा पावणेआठला येणार, जेवणं साडेनऊला, मग थोडी मस्ती, मुलगी अकराला झोपणार, साडेसहाला उठवायचं. रात्रीचे साडेसात तास. दुपारी शाळेतून आल्यावर अडीच तास झोपते, म्हणून बेरीज दहापर्यंत जाते आणि झोप पुरते असं वाटतं. प्रत्यक्षात दुपारची लांब झोप रात्रीची झोप पुढे ढकलते आणि सकाळी तिला गाढ झोपेतून ओढून काढावं लागतं. असं उठवलेलं मूल किरकिरतं, दुधाला तोंड लावत नाही, रिकाम्या पोटी बसपाशी येतं. मग जे रडणं पाच मिनिटांत आटोपलं असतं ते अर्धा तास चालतं.

म्हणून पहिला बदल इथे करा. दुपारची झोप तासाभराची, आणि साडेतीनच्या आत उठवायचं. रात्रीचं जेवण आईबाबांची वाट न बघता सात-सव्वासातला आजींसोबत. हे आयांना फार जड जातं, कारण दिवसातलं तेवढंच एक जेवण लेकीसोबत होत असतं. पण थकलेल्या मुलीला साडेनऊला भरवण्यापेक्षा आठ ते साडेआठ तिच्यासोबत जमिनीवर बसून खेळलेला अर्धा तास तिला जास्त लागतो. घरात पाऊल टाकण्याआधी, खाली पार्किंगमध्ये का होईना, दोन-तीन मिनिटं नुसतं थांबा. तुमचा ट्रॅफिकचा ताण ती शब्दांवरून ओळखत नाही, खांद्यांवरून आणि आवाजावरून ओळखते. फोन त्या अर्ध्या तासात कपाटात राहू द्या. काय खेळायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही शिकवायचं नाही, रंग-आकडे विचारायचे नाहीत. पावणेनऊला दिवे मंद, सव्वानऊला अंथरुणात. झोपेची वेळ एकदम दोन तास अलीकडे ओढायला गेलात तर रोज रात्री भांडण होईल. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. अकरावरून सव्वानऊवर यायला दोन-तीन आठवडे लागतात. उठण्याची वेळ रविवारीही अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवू नका. शनिवार-रविवारी मॉलमधून साडेदहाला परत आलेल्या मुलांचं सोमवारचं रडणं सगळ्यात मोठं असतं, हे कुठल्याही नर्सरीच्या बाई सांगतील.

आता पोटदुखी. ती नाटक करत नाही. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, पोटात खरंच कळ येते. शाळेच्या दिवशीच दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी थांबतं, म्हणजे ते ताणाशी जोडलेलं असण्याची शक्यता मोठी. तरी दोन गोष्टी तपासाच. एक म्हणजे शौचाला रोज होते का. शाळेत जायला लागल्यावर बरीच मुलं शी-शू दाबून ठेवतात, कारण तिथलं कमोड उंच असतं, पाय लटकतात, फ्लशचा आवाज घाबरवतो, मावशी अनोळखी असतात. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कडक, दुखत होत असेल तर तो मलावरोध आहे आणि त्याने पोट खरोखर दुखतं. शाळेत पायाखाली छोटा पाट ठेवता येईल का ते विचारा, आणि घरी सकाळच्या नाश्त्यानंतर पाच मिनिटं निवांत बसवा. दुसरं म्हणजे झोपेतून उठवणारं दुखणं, उलट्या, ताप, वजन घटणं, शौचातून रक्त. यातलं काहीही दिसलं तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

शी-शूवरून भाषेचा मुद्दा येतो. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल तर पहिले काही महिने बरीच मुलं इंग्रजीत जवळजवळ मुकी असतात. तिला "शू लागली", "पाणी हवंय", "तो मला मारतो" एवढं सांगता आलं नाही तर दिवसभर तिचं अंग ताठलेलं राहतं. बाईंना भेटून स्पष्ट विचारा की मराठीत सांगितलेलं चालेल का. बहुतेक जणी हो म्हणतात. मुलीला ते बाईंच्या तोंडून ऐकू द्या.

सोडताना काय करायचं? तुमच्या संकुलात बस गेटपाशी मिनिटभर थांबते, मागे गाड्यांचा हॉर्न, शेजारी आणखी चार रडणारी मुलं. तिथे निरोप घ्यायला वेळच नसतो, म्हणून निरोप वरच, घरात घ्या. दारात एक मिठी आणि एक ठरलेलं वाक्य, मग लिफ्टमध्ये एकच ठरलेली गोष्ट, उदाहरणार्थ मजल्यांचे आकडे मोठ्याने म्हणणं. खाली आल्यावर फक्त हात हलवायचा आणि निघायचं. रोज तेच, त्याच क्रमाने. ती रडली तरी क्रम बदलायचा नाही आणि मिठी वाढवत न्यायची नाही; पुन्हा पुन्हा मागे वळणाऱ्या आईकडे बघून मुलाला वाटतं, काहीतरी धोका आहेच. याच्या उलट चूक म्हणजे तिची नजर चुकवून सटकणं. त्याने त्या दिवसाचं रडणं टळतं, पण आई कधीही गायब होऊ शकते हे मनात बसतं, आणि मग घरात बाथरूमला गेलात तरी दाराशी रडणं सुरू होतं.

"पाच मिनिटांत येते" म्हणू नका. तिच्या घड्याळात वेळ सांगा: "डबा खाल्ला, घसरगुंडी झाली, गाण्याचा तास झाला, की आजी गेटवर." आणि पहिले महिनाभर आजींनी बसच्या वेळेआधी दहा मिनिटं गेटवर उभं राहायचं. एक दिवस उशीर झाला तर चार दिवसांची मेहनत जाते. तुमच्या ओढणीचा हातरुमालाएवढा तुकडा दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलात तर बऱ्याच मुलांना त्याचा आधार होतो. तो धुऊ नका, वासातच सगळं आहे. बाईंना रोज "रडली का?" विचारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तीन गोष्टी विचारा: किती वेळात थांबते, कुणाकडे जाते, डबा खाते का. पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर काळजी नको. मुलीला मात्र संध्याकाळी "आज रडलीस का?" विचारू नका, त्याऐवजी "आज कुणाशेजारी बसलीस?" गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं पुन्हा सुरू होईल. ते अपेक्षित आहे, तेव्हा तोच क्रम पुन्हा.

संध्याकाळची लोळण हे वेगळं प्रकरण आहे आणि त्यात मोठ्यांचीच जास्त कसोटी लागते. आधी मोबाईल बंद कसा होतो ते बघा. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होत असेल तर मुलीला शेवट कधी मिळतच नाही. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. सुरू करतानाच सांगा, "दोन गाणी, मग बंद." बंद करण्याचं बटण तिलाच दाबू द्या आणि पुढची गोष्ट आधीच हाताशी ठेवा, कणकेचा गोळा, बादलीभर पाणी आणि पेला, काहीही चालेल. दिवसभरात मोबाईल, टीव्ही सगळं मिळून तासाभराच्या आत राहायला हवं आणि झोपेआधीचा तास स्क्रीन अजिबात नको.

एवढं करूनही लोळण घेतलीच, तर त्या क्षणी शिकवण्याचा प्रयत्न सोडा. रागाच्या भरात तिला लांब वाक्यं कळतच नाहीत. टेबलाचे कोपरे, काचेच्या वस्तू दूर करा. तिच्या उंचीला येऊन हातभर अंतरावर बसा. आवाज खाली, बोलणं चार-पाच शब्दांचं: "राग आलाय. मी इथेच आहे." मग गप्प. प्रश्न नको, "का रडतेस" तर अजिबात नको. तिला ते माहीत नसतं. मारायला आली तर मनगट हलकेच धरून "मारू देणार नाही" एवढंच. जवळ घेतलेलं चालणार असेल तर घ्या, ढकलत असेल तर थांबा. हुंदके लांब व्हायला लागले की पाणी द्या. दहा मिनिटांनी, मांडीवर बसलेली असताना, झालेलं दोन वाक्यांत सांगा: "गाणी संपली, तुला अजून हवी होती, खूप राग आला. मग तू पाणी प्यायलीस आणि बरं वाटलं." इथे तिला भावनेचं नाव मिळतं. राग, भीती, रुसवा, हेवा, कंटाळा, लाज: सगळ्याला "रडू" एवढंच नाव असलेल्या मुलाला आपल्याला काय हवंय ते सांगता येत नाही.

आणि मोबाईल परत द्यायचा नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आई दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा बाबा थकून देतात, किंवा आजी कळवळून देतात. कधी मिळतं कधी नाही, असं झालं की हट्ट सुटत नाही, उलट चिवट होतो, कारण आणखी थोडं रडलं तर मिळेल ही आशा राहते. तिघांनी मिळून एकच नियम ठरवल्यावरही पहिले चार-सहा दिवस रडणं वाढतं. त्याच दिवसांत बहुतेक घरं माघार घेतात आणि "हे उपाय आमच्या मुलीवर चालत नाहीत" म्हणतात. तो वाढलेला जोर आठवड्यात उतरतो, तेवढा काळ काढा.

"शहाणी मुलं रडत नाहीत", "काही झालं नाही", "बागुलबुवा येईल", "तुझ्या टीचरला सांगीन" ही वाक्यं घरातून काढून टाका. टीचरच्या धाकाने जेवायला बसणारं मूल दुसऱ्या दिवशी त्याच टीचरकडे हसत कसं जाईल? तुमच्याकडून कधी ओरडणं झालं तर नंतर सांगा, "मी ओरडले, ते चुकलं. तुझ्यामुळे नाही झालं." या वयाची मुलं घरातल्या भांडणाचं कारण अनेकदा स्वतःला समजतात.

श्वासाचे खेळ उपयोगी आहेत, पण ते शांत असताना शिकवायचे, दिवसातून दोनदा, मिनिटभर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सगळे खेळ फुंकरीचे ठेवा: साबणाचे फुगे, टेबलावरून स्ट्रॉने कापसाचा बोळा ढकलणं, वाटीतल्या गरम वरणावर हळू फुंकर, अशी की वरण हलेल पण सांडणार नाही. चार-पाच फुंकरी पुरतात. श्वास रोखायला लावू नका, कपालभाती नको, एका नाकपुडीचे प्रकारही या वयाला नकोत. तीनेक आठवडे खेळ म्हणून झाल्यावर, राग नुकताच चढू लागलेला असताना, तुम्ही स्वतः फुंकर मारायला लागा. ती मागून येईल. राग पुरता चढल्यावर "दीर्घ श्वास घे" म्हणालात तर आणखी भडकेल. काही मुलांना श्वासापेक्षा अंगमेहनत लागू पडते: भिंत दोन्ही हातांनी ढकलणं, किलोभर तांदळाचा डबा स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत नेणं, कणीक मळणं. "शिवाजी म्हणतो" आणि "स्टॅच्यू" हे खेळ तर आवर घालण्याचा उत्तम सराव आहेत. मनात आलेली हालचाल थांबवणं हेच त्यात करायचं असतं. रोज दहा मिनिटं खेळा.

खंबीरपणा पेलेल एवढ्या अडचणीतून येतो. चपलेचा पट्टा, डब्याचं झाकण, पेल्यात पाणी ओतणं, सिक्युरिटी काकांकडून पार्सल मागून घेणं: मदत करण्याआधी मनात पंधरा आकडे मोजा. मग झाकण थोडं सैल करून द्या, उघडू तिलाच द्या. "व्वा, हुशार" ऐवजी जे केलं ते सांगा: "दोनदा सांडलं, तरी पुसून पुन्हा ओतलंस."

भीतीचंही तसंच. समजा ढोल-ताशाला घाबरते, आणि भाद्रपदात त्यातून सुटका नाही. मिरवणुकीत खांद्यावर बसवून घेऊन जाणं आणि दहा दिवस खिडक्या लावून बसणं, दोन्ही चूक. महिनाभर आधी मोबाईलवर अगदी हळू आवाजात ढोल ऐकवा, ती घरातल्या डब्यावर वाजवेल. मग थोडा मोठा आवाज. मग दुरून, आठव्या मजल्याच्या गॅलरीतून, तुमच्या कुशीत. मग खाली लॉबीत, कान झाकायला तिचेच हात किंवा कानटोपी. मग गेटच्या आतून दोन मिनिटं, आणि परत जायचं तिने ठरवायचं. प्रत्येक पायरी दोन-तीनदा, भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची नाही, आणि भीती शिखरावर असताना पळ काढायचा नाही. एक पायरी मागे येऊन थोडं शांत होऊ द्या, मग जा. कुकरची शिट्टी, लिफ्ट, मेट्रोच्या कामाचं ड्रिलिंग, सगळ्यांना हीच शिडी. फटाक्यांचा आणि पथकाचा आवाज अगदी जवळून कानालाही घातक असतो, तेव्हा जवळ जाणं हे ध्येयच ठेवू नका.

मैदान हवंच. या वयाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल लागते, त्यातला तास धावण्या-उड्यांचा. रोज सोसायटीच्या पोडियमवर, सुट्टीला उपवन, कचराळी तलाव. नवी मुंबईत राहणाऱ्यांना नेरूळचं वंडर्स पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क. पावसाळ्यात घरातच गाद्यांचा डोंगर करा.

शाळेतून लिखाणाचा गृहपाठ येत असेल तर बोला. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकच नको म्हणतो, खेळातून शिकणं सांगतो. आपल्या भागाला हे नवं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, मुलांच्या अंगणात जाऊन पानं, शंख, वाळू यांवर बालवाडी उभी केली. बोटांचे स्नायू तयार नसताना ओळी गिरवायला लावल्या तर मूल पेन्सिललाच घाबरतं.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. नीट क्रम पाळूनही चार आठवड्यांनंतर रडणं शाळेचा बराचसा वेळ चालत असेल. घरी भरभर बोलणारी मुलगी शाळेत पहिल्या महिन्यानंतरही, मराठीतसुद्धा, कुणाशीच बोलत नसेल. लोळण नेहमीच २५ मिनिटांच्या वर जात असेल किंवा ती स्वतःचं डोकं आपटत, स्वतःला चावत असेल. येत असलेले शब्द गेले असतील. कोरडी राहणारी मुलगी अचानक पुन्हा दिवसा कपडे ओले करू लागली असेल. रात्रीची शू पाच वर्षांपर्यंत चालतेच, त्यावर रागावू नका. रडताना श्वास अडकून ओठ निळे पडत असतील तर तो प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो, तरी पहिल्याच वेळी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेत तो वाढतो आणि लोह दिल्यावर अनेकदा कमी होतो. कुणी नको तिथे हात लावला असं तिच्या बोलण्यातून आलं तर उलटतपासणी न करता ऐकून घ्या आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. सरकारी सेवेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज पडल्यास पुढच्या तपासणीसाठी पाठवतात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, आणि स्वतः थकलेल्या आईनेही तो लावावा. जाताना दोन आठवड्यांची वही न्या: झोपली किती वाजता, उठली किती वाजता, शौच, पोटदुखी, रडणं किती मिनिटं, त्याआधी काय झालं होतं. शक्य असेल तर लोळणीचा मिनिटभराचा व्हिडिओ, पण तो घरातल्या दुसऱ्या कुणी काढायचा, तिच्याजवळ बसलेल्याने नाही, आणि तो डॉक्टरांशिवाय कुणालाही पाठवायचा नाही.